सेक्रेटरीचा खुराक

दुष्काळात आमच्या गावात एकच जनावर जाड होत होतं, आणि ते माझं होतं. बैलांच्या फासळ्या वर आलेल्या, म्हशींच्या कमरेच्या हाडांना पिशवी अडकवता आली असती, कुत्र्यांनी भुंकायचा त्रास घेणं सोडून दिलेलं. आणि माझी घोडी मात्र पोटानं रुंद होत चाललेली. येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची. मी स्वतःहून काही बोलत नसे. कुणी विचारलं तरच बोलत असे, आणि कुणी विचारेपर्यंत तिथंच उभा राहत असे.

घोडी कशाला घेतली, हे तुम्ही तरी विचारू नका. गावानं ते पोटभर विचारून घेतलेलं आहे. मी आमच्या गावच्या सहकारी दूध संस्थेचा सेक्रेटरी. चौसाळ्याहून आत वळलं की संस्थेची पाटी आधी लागते आणि गाव मागून. त्या वर्षी दूध आटलं, फॅट काढायच्या मशिनवर धूळ बसली आणि माझे हात मोकळे झाले. हात मोकळे झाले की माणूस बाजारात जातो. गेलतो गाय बघायला. तिथं एक वरातीची पांढरी घोडी विकायला उभी होती. दुष्काळात नवरदेव पायीच मांडवात यायला लागले होते, त्यामुळं तिचा मालक ती विकून ऊसतोडीला निघाला होता. मी शेजारून जात होतो तेव्हा तिनं मान लांब करून आपलं तोंड माझ्या खांद्यावर ठेवलं आणि एक मोठा श्वास सोडला. बस. माझ्या खांद्यावर इतक्या भरवशानं तोवर कुणी काही ठेवलं नव्हतं. मी घरी आलो तो घोडी घेऊनच.

मुक्ता, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, दारात उभी होती. तिनं घोडीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा घोडीकडं. "हिची धार कोण काढणार?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर ती बरेच दिवस माझ्याशी धड बोलली नाही. घोडीशी मात्र बोलत होती, हे मी कुडाच्या आडून ऐकलेलं आहे.

खरी अडचण चाऱ्याची झाली. गावात चारा एकाच ठिकाणी, आमच्याच संस्थेनं माळावर उघडलेल्या छावणीत. तिथला कारभार कडक. प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला, रोज मोबाईलनं त्या बिल्ल्याचा फोटो, मग कुठं उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं पुढ्यात पडायचं. मोबाईलमध्ये रकाने दोनच, मोठं जनावर आणि लहान जनावर. मोठं म्हणजे गाय, बैल, म्हैस. लहान म्हणजे त्यांची पोरंबाळं. घोडी कुणाला सुचलीच नव्हती. मी रीतसर सभा लावली. आमचे चेअरमन राधाकिशनराव म्हणजे दुष्काळातसुद्धा कपड्यांची इस्त्री न मोडणारा माणूस. त्यांनी विषय गांभीर्यानं घेतला. घोडीला जनावर धरायचं की वाहन, यावर दुपारभर चर्चा झाली. एक संचालक म्हणाले, ज्याच्यावर माणूस बसतो ते वाहन. दुसरे म्हणाले, मग रेड्यावर यम बसतो त्याचं काय. अखेर 'सदर घोडीस चाऱ्यापुरते म्हैस समजण्यात यावे' असा ठराव एकमतानं झाला आणि मी तो माझ्या सुवाच्य अक्षरात तालुक्याला पाठवला. तालुक्याहून उलट विचारणा आली, की सदर म्हैस आपल्या संस्थेस दूध घालते काय. त्याला काय उत्तर द्यावं, हे अजून ठरलेलं नाही.

ठरेपर्यंत घोडीनं काय खायचं? तर गावानंच तोड काढली. छावणीतली माणसं आपापल्या जनावराच्या पुढ्यातलं मूठ मूठ वाढं माझ्यासाठी बाजूला ठेवायला लागली. चेष्टा करत ठेवायची, पण ठेवायची. त्यात मी घरचं डोकं घातलं. वाढं बारीक कापायचं, त्यात ज्वारीचा कोंडा, गुळाचा खडा, चिमूट मीठ, आणि सगळं ओल्या पोत्याखाली झाकून मुरवायचं. याला मी 'खुराक' म्हणत असे. घोडीचं पोट वाढायला लागल्यावर गावही 'सेक्रेटरीचा खुराक' म्हणायला लागलं. मी छावणीत या विषयावर थोडं मार्गदर्शनही केलं. आमच्या शेजारच्या शहादेवनं, जो पूर्वी ऊसतोडीचा मुकादम होता आणि ज्याला जगातल्या प्रत्येक जनावरातलं कळतं, माझा खुराक गुपचूप आपल्या बैलाला घातला. बैलाला हगवण लागली. त्यावर मी त्याला एवढंच सांगितलं, की प्रमाण चुकलं असेल.

मुक्ता मधे एकदा घोडीच्या पोटावरून हात फिरवत म्हणाली होती, "अवो, मला येगळंच वाटायलंय." मी तिला नीट बसवून आहारशास्त्र समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. आमच्या गावात घोडी कुणी पाळलेली नाही, त्यामुळं तिचं बरोबर की माझं, हे सांगणारं कुणी नव्हतं. आणि नसलं की मी बरोबर असतो, अशी आमच्या घरातली पद्धत आहे.

तर वैशाखातली सकाळ. मी ओट्यावर दात घासत होतो. चूळ एकच भरायची, असा घरात नियम होता, म्हणून ती शेवटाला राखून ठेवली होती. तेवढ्यात मुक्ता गोठ्यातून आली. तिचा चेहरा मी असा कधी बघितलेला नव्हता.

"चला," ती हळूच म्हणाली. "तुमचा खुराक उभा ऱ्हायला बघायलाय."

मी तसाच गेलो. गोठ्यात उसाच्या वाळल्या पाचटावर ओलं, काळंभोर काहीतरी पडलं होतं आणि त्यातून पाय निघत होते. पाय संपतच नव्हते. एक सरळ झाला की दुसरा दुमडायचा, दुसरा सरळ झाला की मागचे दोन्ही वेगवेगळ्या गावाला निघायचे. मधे एक इवलंसं अंग, त्याला शेंड्याशी ओलसर दोन कान, आणि पापण्या अशा लांब की मी बघतच राहिलो. ते शिंगरू ढोपरांवर आलं, हललं, तोंडावर पडलं. घोडी मान खाली घालून त्याच्याशी बोलत होती, घशातल्या घशात, इतकं हळू की तो आवाज तिचा आहे हे कळायलाही मला वेळ लागला. वरातीत नाचताना, बाजारात उभी असताना, माझा खुराक खाताना तिनं हा आवाज कधी काढलेला नव्हता. तो तिनं याच्यासाठीच राखून ठेवला असावा.

शिंगरू पुन्हा उठलं, पुन्हा पडलं. चौथ्यांदा की पाचव्यांदा, मला आठवत नाही, पण एकदाचे ते चारही पाय एकाच वेळी जमिनीवर उभे राहिले, थरथरत, आणि ते माझ्याकडं बघायला लागलं. मी जन्मभर वासरं बघितली आहेत. पण हे काल नव्हतं आणि आज उभं राहून माझ्याकडं बघतंय, हा प्रकार मला झेपला नाही. तोंडात ब्रश तसाच होता आणि मला रडू आलं. मुक्तानं पदरानं माझं तोंड पुसलं. आहारशास्त्राचा विषय तिनं काढला नाही, आणि तिथंच तिनं मला हरवलं.

बातमी गावात कशी पसरते हे मला अजून कळलेलं नाही, पण मी चूळ भरून येईपर्यंत गोठा भरला होता. सगळ्यात पुढं शहादेव. त्यानं आधी शिंगराकडं आणि मग घोडीकडं अशा काही नजरेनं बघितलं की मलाच लाज वाटली. घोडी पांढरी आणि पोरगं काळं कसं, असं त्याचं म्हणणं. यात घोडीच्या चारित्र्याचा प्रश्न आहे, असं त्याला सुचवायचं होतं. मी तिची बाजू घेतली, पण मुद्देसूद काही सांगता येईना. मग शहादेवनं खाली वाकून खुरं बघितली आणि सगळ्यांना बोलावलं. खुरांना खालून पांढुरक्या, ओल्या, मऊ झालरी लोंबत होत्या. हा रोग आहे, तो म्हणाला, कापून काढल्या पाहिजेत. मुक्तानं त्याच्या हातातला विळा काढून घेतला, म्हणून शिंगराचे पाय वाचले. पुढं चालून चालून त्या झालरी आपोआप गेल्या आणि खाली काळं चकचकीत खूर निघालं, आईच्या पोटाला लागू नये म्हणून केलेली ती सोय होती म्हणे. कुणी केली, हे विचारत मी बरेच दिवस हिंडत होतो.

त्यात शहादेवची आई भिवराबाई तांब्या घेऊन आली. दुष्काळात गावानं कितीतरी महिन्यांत खरवस बघितलेला नव्हता, आणि व्यालेलं जनावर म्हणजे चीक, चीक म्हणजे खरवस, एवढं सरळ गणित होतं. घोडीचा खरवस कुणी खाल्लाय का, असं मी विचारलं. खाल्ला न्हाई म्हणूनच आलेय, असं ती म्हणाली आणि तांब्या पुढ्यात ठेवून बसली.

आता जे झालं ते आमच्यासारख्या गाईम्हशीवाल्यांच्या हातूनच होऊ शकतं. गाय व्याली की आमच्याकडं रीत अशी, की जार, म्हणजे वार, पडेपर्यंत वासराला आचळाला तोंड लावू द्यायचं नाही, त्याला पलीकडच्या मेढीच्या खांबाला बांधायचं. कावून, ते कुणी विचारत नाही. शहादेवनं हुकूम सोडला आणि आम्ही शिंगराच्या गळ्यात मऊ दावं घालून त्याला गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधलं. मीच बांधलं. माझी सगळी नोकरी वासरू आईपासून लांब बांधण्यावर चाललेली, मला त्यात वावगं काय वाटणार? शिंगरू बारीक आवाजात ओरडलं. घोडीनं पाय आपटले, दाव्याला हिसका दिला. सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिलटकरीण हाय, माया हाय, असं म्हणाले आणि तिथंच बसून राहिले.

ऊन चढल्यावर चेअरमन आपली जीप घेऊन आले. त्यांनी शिंगराला नमस्कार केला आणि संस्थेच्या हिताचा एक विचार मांडला. तालुक्याचा प्रश्न अजून उभा आहे. घोडीच्या दुधाचं फॅट काढून कळवून टाकू, म्हणजे विषय मिटेल. मला ते पटलं, हे सांगताना मान खाली जाते, पण पटलं. मी संस्थेतून नमुन्याचं माप आणलं, बाह्या सारल्या आणि घोडीच्या मागच्या पायाशी बसलो, जसा म्हशीच्या बसतो. पुढचं फार लवकर झालं. माप पत्र्याला लागून खाली आलं आणि मी भिवराबाईच्या तांब्यावर. गुडघ्याला आलेली सूज दिवाळीपर्यंत टिकली. फॅटचा रकाना मोकळाच राहिला.

जार तेवढ्यात पडली होती, आम्ही शिंगरू सोडलं, पण ते पहिल्यासारखं उठेना. कान खाली पडले होते. मला काळजानं काहीतरी सांगितलं आणि मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते तिकडं आष्टीकडच्या छावण्या तपासत होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"सुंदरराव," ते म्हणाले, "वासराची रीत तिला लावू नका. दुपार व्हायच्या आत त्या शिंगराच्या पोटात आईचा चीक गेला पाहिजे. नाही गेला, तर मी संध्याकाळी येऊन काही उपयोग नाही. आणि आधी ती गर्दी हटवा."

मी फोन खिशात ठेवला. सकाळी जे उभं राहून माझ्याकडं बघत होतं, ते संध्याकाळी नसेल, आणि त्याला बांधलं होतं मी.

डॉक्टरांचं मी सगळ्यांना सांगितलं. सगळे हळहळले आणि शिंगराला पाजायला एकदम पुढं आले. दोघांनी त्याला उभं केलं, दोघांनी घोडीचं तोंड धरलं, शहादेव मागून ढकलायला लागला. शिंगरू बिचारं शोधत होतं, त्याची काही कसूर नव्हती. त्यानं मेढ चोखली. भिंत चोखली. माझा कोपर इतक्या विश्वासानं तोंडात धरला की मला वाटलं, देवा, याच्यात काहीतरी येऊ दे. चेअरमनच्या सदऱ्याचं टोक त्यानं ओढलं, आणि राधाकिशनराव जागचे हलले नाहीत, इस्त्री मोडली तरी हलले नाहीत. पण घोडीजवळ नेलं की ती अंग चोरायची, पाय उचलायची, डोळ्यांतलं पांढरं दाखवायची. कुणीतरी म्हशीचं दूध बाटलीत घालून आणलं, ते शिंगरानं थुंकून टाकलं. शेवटी ते पाचटावर बसलं, मग आडवं झालं. घोडी घशातल्या घशात त्याला बोलावत होती आणि ते कान हलवून एवढंच सांगत होतं, की ऐकतोय.

मी हात जोडले. म्हणालो, बाबांनो, बाहेर व्हा. सगळ्यांनी एकमेकांना बाहेर व्हायला सांगितलं. माणसं चांगली होती, यात शंका नाही. प्रत्येकाला मनापासून वाटत होतं, की गर्दी म्हणजे बाकीचे. शहादेवनं तर मला समजावलं, की ही वरातीची घोडी आहे, बँडबाजा ऐकलेली, फटाके बघितलेली, तिला आपल्या माणसांचं काय वाटणार. मी त्याच्या अंगावर ओरडलो. जन्मात पहिल्यांदा ओरडलो असेन. तो दोन पावलं मागं सरकला आणि दुसरीकडून पुढं आला.

मुक्ता मघाशीच घरात गेली होती. ती आली ती आपलं लग्नातलं हिरवं लुगडं घेऊन. आमच्याकडं बाई बाळंत झाली की तिच्या खोलीच्या दाराला असं लुगडं लावतात, आणि ते लावलं की पुरुषमाणसानं आत पाऊल टाकायचं नाही. तिनं ते गोठ्याच्या तोंडाला या मेढीपासून त्या मेढीपर्यंत बांधायला घेतलं. घोडीला बाळंतिणीचा पडदा, म्हणून दोघंतिघं हसले. ती गाठी मारत राहिली. लुगडं लागलं, पण माणसं आतच होती.

आणि तेवढ्यात वेशीजवळ टँकरचा हॉर्न वाजला.

ज्यांनी दुष्काळ बघितला नाही त्यांना या हॉर्नची ताकद कळायची नाही. टँकर कधी येईल याचा भरवसा नसायचा, कधी दुपारी, कधी दिवसाआड, कधी नाहीच. माझे जोडलेले हात, डॉक्टरांचा हुकूम, चेअरमनचं पद, कशानं हलली नाहीत ती माणसं एका हॉर्नसरशी उठली. भिवराबाई तांब्या घेऊनच पळाली. शहादेव कुडावरून उडी मारून गेला. चेअरमन जीपमधून गेले. बघता बघता गोठ्यात मी, मुक्ता, घोडी आणि ते आडवं पडलेलं शिंगरू, एवढेच राहिलो.

मी म्हणालो, पाणी गेलं खड्ड्यात, मी याच्यापासून हलणार नाही. मुक्तानं रिकामी घागर माझ्या हातात दिली.

"ती पाय उचलती तवा तुमच्याकडं बघती," ती म्हणाली. "मी बाळंत झाले तवा तुमाला बाहेर काढलतं का न्हाई? तवाबी तुमी असंच दारात उभे होताव, मदत करायला. चला. तिला तिचं पोरगं घेऊ द्या."

मी शिंगराकडं बघितलं. ते बघत नव्हतं. मी घागर उचलली आणि लंगडत निघालो. मुक्तानं पडदा ओढून घेतला आणि दुसरी घागर घेऊन तीही माझ्यामागून निघाली.

टँकरपाशी जी गर्दी असते ती त्या दिवशीही होती, पण मला तिच्यातलं काही दिसत नव्हतं. आमच्या गावात त्या वर्षी पाण्यावरून काय काय झालं ते सांगत बसत नाही. शहादेव आणि त्याचा सख्खा भाऊ सटवा, भिंतीला भिंत लागून घरं, याच रांगेत एकाच्या धक्क्यानं दुसऱ्याची घागर सांडली म्हणून त्यांचं बोलणं बंद झालं होतं, एवढं पुरे. आताही दोघं एकमेकांकडं पाठ करून उभे होते. मी पाइपाखाली घागर धरली आणि पाणी वरून वाहायला लागलं तरी मला कळलं नाही. मागून शिव्या आल्या, त्या माझ्याच आहेत हे मुक्तानं मला सांगितलं. माझं लक्ष सूर्याकडं होतं. तो डोक्यावर येत चालला होता. मी मनात नारायणगडाला नवस बोललो. काय बोललो ते नीट आठवत नाही, तिथं गेल्यावर विचारावं लागेल.

घागर खांद्यावर घेऊन मी जमेल तेवढा पळालो. गोठ्याजवळ आल्यावर मात्र पाय पुढं जाईनात. हिरवं लुगडं वाऱ्यानं जरा जरा हलत होतं. मला आतलं बघायचं नव्हतं. बघितलं नाही तोवर ते जिवंत होतं.

मग मला आवाज आला. चुटुक, चुटुक, चुटुक. थोडं थांबून एक लांब सुस्कारा, आणि पुन्हा चुटुक, चुटुक. मी दुधातला माणूस आहे. बादलीत पडणारी धार मी झोपेतही ओळखतो, गाय कुणाची तेही सांगेन. पण त्या सगळ्या धारा संस्थेकडं येणाऱ्या होत्या. ही कुठंच येणार नव्हती, जिथली होती तिथंच जात होती, आणि असा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

फटीतून बघितलं. शिंगरू उभं होतं. चारही पाय फाकवून, मान वाकडी करून ते घोडीच्या पोटाखाली शिरलं होतं आणि त्याची झिपरी शेपटी सारखी हलत होती. घोडीनं मागचा एक पाय जरासा मागं घेऊन त्याला जागा करून दिली होती, तोच पाय, ज्यानं माझा गुडघा गेला. अख्खं गाव मघापासून त्याला जी जागा दाखवत होतं आणि दाखवू शकलं नव्हतं, ती त्याला त्या दोघांच्या बोलण्यातनं सापडली होती. कुणी शिकवलं? कुणाचा ठराव? मी तिथं नुसता उभा राहिलो. घागरीतलं पाणी हिंदकळून मानेवरून पाठीत उतरत होतं आणि मला हलावंसं वाटत नव्हतं.

मागं माणसं यायला लागली होती. पाणी भरून घराकडं निघालेली, एक एक करून कुडापाशी थांबलेली. मी वळून बघितलं तर सगळ्यांच्या डोक्यावर, खांद्यावर भरलेल्या घागरी, हंडे, कॅन. भरलेली घागर घेऊन त्या वर्षी कुणी कुणासाठी थांबत नव्हतं. तो चुटुक चुटुक आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. शहादेवसुद्धा कान देऊन उभा होता. चेअरमननी पायातले बूट काढून ठेवले होते, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मागून आलेल्या मुक्तानं पडदा बाजूला केला. घोडीनं मान वळवून सगळ्यांकडं शांतपणे बघितलं आणि शिंगराला पिऊ दिलं.

"बाळंतिणीला पाणी लागतं," मुक्ता म्हणाली. तिनं घमेलं ओढलं आणि आपल्या घागरीतलं पाणी त्यात ओतलं, निम्मं. मी माझी ओतली. भिवराबाई पुढं आली आणि तिनं चिकासाठी आणलेला तांब्या पाण्यानं भरून घमेल्यात रिकामा केला. मग एकेकजण येऊन ओतायला लागला, कुणी ओंजळभर, कुणी तांब्याभर. चेअरमननी जीपमधली विकतच्या पाण्याची बाटली आणली, टोपण फोडलं आणि ती ओतली. शहादेवनं घागरीतनं किती ओतलं ते मी बघितलं नाही, पण बराच वेळ ओतत होता. घोडी पाणी प्यायला लागली तशी घमेल्यातली पातळी खाली जायची आणि कुणीतरी पुन्हा वाढवायचं.

पोट भरल्यावर शिंगरानं तोंड बाहेर काढलं. ओठांना पांढरा फेस होता. त्यानं सगळ्या गावाकडं एकदा बघितलं, आपल्या पायांकडं बघितलं, आणि ते पाय कशासाठी आहेत हे त्याला त्याच क्षणी कळलं असावं. ते उडालं. चालणं नाही, पळणं नाही, जागच्या जागी चारही पायांवर उडालं, मग घोडीला एक फेरी मारली, मग दुसरी. ज्या गावात माणूस गरज नसताना पाऊल उचलत नव्हता तिथं ते उगाच, कशासाठीच नाही, असं उधळत होतं. तिसऱ्या फेरीला त्यानं मागच्या दोन्ही पायांनी लाथ झाडली, आणि भरलेलं घमेलं उलटं झालं.

पाणी पाचटातून वाहत आमच्या पायांपर्यंत आलं आणि जमिनीत गेलं. पाणी सांडल्याचा अर्थ आमच्या गावाला चांगला माहीत होता. मी माफी मागायला तोंड उघडलं.

शहादेव पुढं झाला. त्यानं घमेलं सरळ केलं, शिंगराकडं बघितलं आणि म्हणाला, "खुराकाच्या पायात जोर हाय बे."

मग त्यानं आपली घागर पुन्हा उचलली. घमेलं डुगडुगत होतं, म्हणून कुणीतरी वाकून ते दोन्ही हातांनी दाबून धरलं. तो सटवा होता. शहादेवचा हात घागरीवर तसाच थांबला. शिंगरू पुन्हा फेरी मारून येत होतं.

"नीट धर," शहादेव म्हणाला, आणि ओतायला लागला.